चारशे किलोमीटर उंचीवरून आपला तलाव दिसतो का?

जिंतूर तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या एका शाळेतील शिक्षकांनी विचारले आहे की, शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर जाऊन आल्यापासून वर्गातील मुले पुन्हा पुन्हा एकच गोष्ट विचारतात: वरून आपले गाव दिसते का, गावाचा पाझर तलाव तरी दिसतो का? त्यासोबत त्यांनी स्वतःच्याही दोन शंका मांडल्या आहेत. वरून देशांच्या सीमा दिसत नाहीत असे जे सांगितले जाते ते शब्दशः खरे आहे का, ही पहिली. आणि ज्या गावात मार्चनंतर टँकरची वाट पाहावी लागते, तेथील मुलांना अंतराळाचे कौतुक सांगणे कितपत योग्य आहे, ही दुसरी.

सर, प्रथम माझी भूमिका सांगतो. मी अंतराळात गेलेलो नाही. उपग्रहांनी टिपलेल्या प्रतिमा वाचून मराठवाड्यातील पाणलोट क्षेत्रांचे आराखडे तयार करणे, हे अनेक वर्षांपासून माझे काम आहे. त्यामुळे अंतराळवीरांच्या डोळ्यांना काय दिसते हे मी प्रकाशाच्या नियमांवरून आणि त्यांनी घेतलेल्या छायाचित्रांवरून सांगेन, तर उपग्रहाला काय दिसते हे रोजच्या कामातून सांगेन. ‘दिसते का’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण पाहणारा किती उंचीवर आहे, तो डोळ्याने पाहतो की भिंगातून, ऋतू कोणता, ऊन कोणत्या कोनातून पडले आहे आणि पाहायची वस्तू आजूबाजूच्या जमिनीपासून किती वेगळी आहे, या सर्वांवर ते अवलंबून असते. टँकरबद्दलची तुमची शंका मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तिच्याकडे मी तलावाच्या प्रश्नातूनच येणार आहे, कारण माझ्या मते हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत.

उंचीचा विचार शाळेतील पृथ्वीगोल घेऊन करावा. समजा गोलाचा व्यास ३० सेंटीमीटर आहे. अंतराळ स्थानक पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरते. या प्रमाणात ते गोलाच्या पृष्ठभागापासून एक सेंटीमीटरपेक्षाही किंचित कमी अंतरावर येते. आपले भूनिरीक्षण उपग्रह साधारण दोन सेंटीमीटरवर येतात. हवामानाचे इन्सॅट उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटरवर असतात, म्हणजे गोलापासून ८४ सेंटीमीटरवर. आणि चंद्र नऊ मीटरवर, म्हणजे बहुधा तुमच्या वर्गाच्या भिंतीपलीकडे. मुलांना गोलापासून एक सेंटीमीटरवर डोळा धरायला सांगा. त्यांना गोल दिसणार नाही. समोर पसरलेला एक वक्र पृष्ठभाग आणि त्याची कड तेवढी दिसेल. अंतराळवीर काळ्या आकाशात तरंगणारा अख्खा निळा चेंडू पाहतात, असे बहुतेक मुले समजतात. स्थानकावरून तसा देखावा दिसत नाही. एका वेळी तेथून पृथ्वीच्या पृष्ठभागाचा जेमतेम तीन टक्के भाग दृष्टीच्या टप्प्यात असतो. संपूर्ण पृथ्वी एका नजरेत मावण्यासाठी फार दूर जावे लागते. १९६८ ते १९७२ या काळात चंद्राकडे गेलेल्या २४ अंतराळवीरांना तो देखावा लाभला. विल्यम अँडर्स यांनी २४ डिसेंबर १९६८ रोजी अपोलो-८ मधून चंद्राच्या क्षितिजावर उगवणारी पृथ्वी टिपली, आणि पाठ्यपुस्तकांत सर्वत्र दिसणारे पूर्ण उजळलेल्या पृथ्वीचे छायाचित्र ७ डिसेंबर १९७२ रोजी अपोलो-१७ च्या प्रवासात घेतले गेले.

मात्र तीन टक्के हा भागही लहान नाही. चारशे किलोमीटर उंचीवर क्षितिज चहूबाजूंनी सुमारे २,३०० किलोमीटर दूर असते. समजा स्थानक परभणीच्या बरोबर डोक्यावर आहे आणि हवा स्वच्छ आहे. पश्चिमेकडे अरबी समुद्र आणि पूर्वेकडे बंगालचा उपसागर एकाच वेळी दृष्टीच्या टप्प्यात येतात, उत्तरेला हिमालयाची पांढरी रांग आणि दक्षिणेला कन्याकुमारीचे टोकही क्षितिजाच्या अलीकडेच असते. कडेचे प्रदेश फार तिरकस कोनातून आणि हवेच्या जाड थरातून पाहावे लागत असल्यामुळे धूसर असतात, पण खिडकीत चेहरा टेकवून केवळ मान वळवली की दोन समुद्र आणि त्यांमधला हा सगळा दख्खनचा पठारी प्रदेश नजरेत येतो, ही कल्पना मला आजही थक्क करते. हे दृश्य फार वेळ टिकत नाही. स्थानकाचा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक असल्यामुळे वैजापूरपासून किनवटपर्यंतचे साडेतीनशे किलोमीटरहून थोडे अधिक अंतर खालून सरकायला एक मिनिटही लागत नाही. पृथ्वीला एक फेरी साधारण दीड तासात पूर्ण होते, पण तेवढ्या वेळात पृथ्वी स्वतःभोवती काही अंशांनी फिरलेली असते, म्हणून पुढच्या फेरीत स्थानक परभणीवरून न जाता बरेच पश्चिमेकडून जाते. त्यामुळे मराठवाडा नेमका पायाखाली आहे, दिवस आहे आणि आकाश निरभ्र आहे, असा योग रोज येत नाही.

आता डोळ्याची मर्यादा. निकोप दृष्टीच्या माणसाला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन ओळखता येतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. चारशे किलोमीटरवर हा कोन जमिनीवरील सुमारे ११५ मीटर अंतराएवढा होतो. त्याहून लहान वस्तू आजूबाजूच्या रंगात मिसळून जाते. हे माप हाताशी आले की मुले स्वतःच हिशोब करू शकतात. पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, पूर्ण भरलेला असताना त्याची लांबी पन्नास किलोमीटरहून अधिक असते. खालून पाहताना पूर्ण चंद्राची जी रुंदी आपल्याला दिसते, तिच्या दहा-पंधरा पट लांब तो वरून दिसेल. लोणारचे विवर मराठवाड्याच्या वेशीवर, बुलढाणा जिल्ह्यात आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असल्यामुळे ते चंद्राच्या निम्म्या रुंदीएवढे दिसेल आणि ज्याला जागा माहीत आहे त्याला साध्या डोळ्याने सापडेल. वेरूळचे कैलास लेणे ज्या खोदीव चौकात उभे आहे, त्याची लांबी सुमारे ८५ मीटर आहे. ते या मर्यादेपेक्षा लहान आहे, म्हणून डोळ्याला वेगळे दिसणार नाही.

या नियमाला एक अपवाद आहे आणि तो मुलांना नक्की सांगावा. लांब आणि सरळ रेघ, रंगाचा फरक पुरेसा असेल तर, मर्यादेपेक्षा अरुंद असूनही डोळ्याला जाणवते. काळ्या जमिनीतून जाणारा समृद्धी महामार्गाचा फिकट पट्टा जालन्याच्या परिसरात या कारणाने ओळखता येण्याची शक्यता आहे. चीनच्या भिंतीचे याच्या उलट होते: ती लांब असली तरी रुंदीला काही मीटरच आहे आणि आजूबाजूच्या माती-दगडांच्याच रंगाची आहे. चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई ऑक्टोबर २००३ मध्ये कक्षेत जाऊन आले, तेव्हा आपल्याला भिंत दिसली नाही असे त्यांनी स्वतः सांगितले. तरीही ‘अवकाशातून दिसणारी एकमेव मानवनिर्मित वस्तू’ हे वाक्य अजून सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत छापले जाते. ते कृपया शिकवू नये.

मग तुमच्या गावाचा पाझर तलाव? समजा त्याचे पाणी तीनशे मीटर रुंद पसरते. आकाराच्या दृष्टीने तो डोळ्याच्या मर्यादेच्या थोडा वर आहे, म्हणजे एखाद्या ठिपक्याएवढा दिसू शकतो. अडचण रंगाची आहे. पावसाळ्यानंतर आपल्या तलावांतले पाणी गढूळ असते आणि भोवती काळी किंवा मुरमाड जमीन असते. तपकिरीत तपकिरी मिसळले की ठिपका हरवतो. एक योग मात्र असा येतो की सूर्य, पाणी आणि पाहणारा यांचे कोन जुळतात आणि पाण्याचा पृष्ठभाग सूर्यप्रकाश थेट खिडकीकडे परावर्तित करतो. त्या काही सेकंदांत एरवी न दिसणारे लहान तलाव, नद्यांची वळणे आणि कालवे चमकून उठतात. अंतराळवीरांनी घेतलेल्या छायाचित्रांत ही चमक वारंवार दिसते, आणि त्यांनी वापरलेल्या लांब भिंगाच्या कॅमेऱ्यांतून तर काही मीटर आकाराचे तपशीलही मिळतात. तेव्हा मुलांना असे सांगा: साध्या डोळ्याने बहुतेक वेळा नाही, योग्य कोन जुळला तर हो, आणि कॅमेऱ्याने निश्चित हो.

ऋतूचा परिणाम आपण गृहीत धरतो त्याहून मोठा आहे. जून ते सप्टेंबर या काळात मराठवाड्यावर बहुतेक दिवस ढगांचे आच्छादन असते, म्हणजे जमीन सर्वांत हिरवी होत असते तेव्हाच ती वरून झाकलेली असते. एप्रिल-मे महिन्यांत ढग नसतात, पण धुळीमुळे सगळे फिकट आणि सपाट दिसते. परतीचा पाऊस थांबल्यानंतरचा ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हा काळ मला सर्वांत चांगला वाटतो: हवा धुतलेली, तलाव भरलेले, शिवारात कुठे कापूस आणि तूर उभी, तर कुठे सोयाबीन काढून रब्बीसाठी मोकळी केलेली काळी जमीन. सकाळचे तिरपे ऊन असेल तर बालाघाटच्या आणि अजिंठ्याच्या डोंगरांमधील पायऱ्यांसारखे कडे सावल्यांमुळे उठून दिसतात. लाव्हारसाचे थरावर थर साचून आपले पठार बनले, हे पुस्तकात वाचलेले वाक्य त्या सावल्यांमध्ये प्रत्यक्ष दिसते. भूशास्त्र शिकलेल्या माणसाला यापरते दुसरे सुख नाही.

सीमांविषयी. शुक्ला यांनी जून २०२५ मध्ये स्थानकावरून पंतप्रधानांशी बोलताना पृथ्वी एकसंध दिसते आणि सीमारेषा दिसत नाहीत, या अर्थाचे सांगितले. दिवसाच्या दृश्यासाठी ते शब्दशः खरे आहे, कारण नकाशावरील रेषेला जमिनीवर रुंदीही नसते आणि रंगही नसतो. रात्री मात्र एक ठळक अपवाद आहे: भारत-पाकिस्तान सीमेवरील प्रखर दिव्यांची नारिंगी रेघ स्थानकावरून घेतलेल्या छायाचित्रांत स्पष्ट दिसते. हा अपवाद सांगितल्याने त्या अनुभवाची थोरवी कमी होत नाही. उलट मुलांना कळते की वरून जे दिसते ते माणसाने प्रत्यक्ष जमिनीवर काय केले यावरून ठरते. मराठवाड्यात अशी एक सीमा मी प्रतिमांमध्ये नेहमी पाहतो. जायकवाडीचा डावा कालवा सुमारे २०८ किलोमीटर लांब आहे. मार्च महिन्यात आवर्तनाचे पाणी मिळालेले कालव्याखालचे क्षेत्र हिरवे आणि कालव्याच्या वरच्या अंगाचे शिवार रिकामे असते, आणि या दोन्हींमधली कड काही ठिकाणी इतकी रेखीव असते की जिल्ह्याची हद्द आखावी तितक्या सहज ती आखता येईल. तुमच्या विद्यार्थ्यांपैकी काहींची शेते या कडेच्या एका बाजूला असतील आणि त्यांच्या नातेवाइकांची दुसऱ्या बाजूला.

सौंदर्याबद्दलही थोडे लिहायला हवे, कारण मुले शेवटी त्यासाठीच विचारतात. स्थानकावर फेब्रुवारी २०१० मध्ये ‘क्युपोला’ नावाचा सात खिडक्यांचा घुमट जोडला गेला. मधली गोल खिडकी सुमारे ८० सेंटीमीटर व्यासाची असून ती पृथ्वीकडे तोंड करून आहे. तेथून दिवसातून साधारण सोळा वेळा सूर्योदय दिसतो. रात्रीच्या बाजूला गेल्यावर विजांनी आतून उजळणारे ढग वरून दिसतात, शहरे प्रकाशाच्या ठिपक्यांनी ओळखू येतात आणि क्षितिजावर, जमिनीपासून सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर, हवेतल्या अणूंच्या मंद हिरवट प्रकाशाची एक पातळ पट्टी असते. त्याहूनही विलक्षण आहे ती दिवसा कडेवर दिसणारी निळी रेघ, म्हणजे आपले वातावरण. पुन्हा तुमच्या पृथ्वीगोलाकडे या: आपला सगळा पाऊस, सगळी वादळे आणि सगळे ढग ज्या थरात घडतात, त्याची जाडी उष्ण कटिबंधात सुमारे १६ किलोमीटर आहे, आणि त्या गोलावर ती अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी भरते. गोलावर रंगाचा जाडसर हात दिला तर तोही बहुधा तेवढाच जाड होईल. आपण वर पाहतो तेव्हा आकाश अपार वाटते. बाजूने पाहणाऱ्याला ते एवढेसे दिसते. कक्षेतून परतलेल्या इतक्या अंतराळवीरांनी, ते कोणत्याही देशाचे असोत, या रेघेचा उल्लेख का केला असेल हे हा हिशोब केल्यावर समजते.

येथवर डोळ्याचे झाले. यापुढचा भाग माझ्या रोजच्या कामाचा आहे. राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजी अंतराळात गेले आणि सोव्हिएत संघाच्या सल्यूत-७ स्थानकावरून भारतभूमीची छायाचित्रे घेणे हा त्यांच्या कामाचा एक भाग होता. पुढे चार वर्षांनी, १७ मार्च १९८८ रोजी, आयआरएस-१ए हा आपला दूरसंवेदन उपग्रह सोडला गेला आणि माणूस नसतानाही पृथ्वीकडे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कोनातून पाहण्याची आपली स्वतःची सोय झाली. त्याच्या दोन प्रकारच्या कॅमेऱ्यांची पिक्सेल, म्हणजे प्रतिमेतला सर्वांत लहान चौकोनी ठिपका, जमिनीवर अनुक्रमे सुमारे ७२ आणि ३६ मीटरची होती. आज रिसोर्ससॅट मालिकेतील लिस-४ कॅमेऱ्याची पिक्सेल ५.८ मीटरची आहे, आणि युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या १० मीटर पिक्सेलच्या प्रतिमा साधारण दर पाच दिवसांनी कोणालाही विनामूल्य मिळतात. तीस मीटर बाजूचे शेततळे सेंटिनेलच्या प्रतिमेत नऊ पिक्सेलएवढे भरते, म्हणजे ओळखू येते. तुमचा पाझर तलाव तर त्यात काठाच्या वळणांसह दिसेल.

उपग्रहाचे खरे सामर्थ्य मात्र बारकाव्यापेक्षा त्याला दिसणाऱ्या किरणांत आहे. हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते, कारण हरितद्रव्याला तो लागतो. पण आपल्या डोळ्यांना न दिसणारे निकट अवरक्त किरण पानाच्या आतल्या रचनेमुळे मोठ्या प्रमाणात परत फेकले जातात. पाणी मात्र हे किरण जवळजवळ पूर्ण शोषते. म्हणून या किरणांत घेतलेल्या प्रतिमेत भरघोस पीक झगझगीत, पाणी काळेशार आणि उघडी जमीन मध्यम दिसते. डोळ्याला जो गढूळ तलाव काळ्या जमिनीत हरवलेला वाटत होता, तो इथे स्पष्ट कापून काढल्यासारखा दिसतो. छपाईत हे किरण लाल रंगात दाखवण्याची प्रथा असल्यामुळे अशा प्रतिमेत शेते लालभडक दिसतात. मुले पहिल्यांदा बिचकतात, म्हणून कारण आधी सांगावे.

अशा प्रतिमा वाचताना मला सर्वांत जास्त शिकवले ते नाथसागराच्या काठाने. पाणी ओसरू लागले की फुगवट्याखालची गाळाची जमीन उघडी पडते आणि लोक तिच्यावर गाळपेर करतात. प्रतिमेत पाण्याभोवती पिकाची एक किनार उमटते आणि उन्हाळा वाढेल तशी ती पाण्याच्या मागे मागे आत सरकत जाते. ज्याला गाळपेर माहीत नाही त्याला ही किनार पाणवनस्पतींची वाटेल. याउलट जलपर्णीने झाकलेले पाणी अनोळखी माणसाला शेत वाटते. म्हणूनच प्रतिमा कितीही चांगली असली तरी शिवारात जाऊन पडताळणी केल्याशिवाय मी आराखड्यावर रेघ मारत नाही. आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी: प्रतिमेत पाण्याचा विस्तार दिसतो, साठा दिसत नाही. गाळाने उथळ झालेला तलाव आणि खोल तलाव वरून सारखेच दिसू शकतात. साठा काढायचा तर तळाची मोजणी हाताशी असावी लागते. पावसाळ्यातील ढगांवर मात्र उपाय आहे. रडारचे काही सेंटीमीटर लांबीचे तरंग ढगांतून आरपार जातात, त्यामुळे आपला ईओएस-०४, युरोपचा सेंटिनेल-१ आणि ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला नासा-इस्रोचा निसार हे उपग्रह ऐन आषाढातही जमीन पाहू शकतात.

आता टँकर. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस ते धरण भरले. एप्रिल आणि ऑक्टोबर या दोन महिन्यांच्या प्रतिमा शेजारी ठेवल्या की धनेगावजवळचा तो फिकट, भेगाळलेला तळ आणि त्याच जागेवर पसरलेले पाणी एकाच नजरेत दिसते. लातूरच्या लोकांनी ते वर्ष भोगले आहे, त्यांना प्रतिमेची गरज नाही. पण त्या प्रतिमेत मांजरेच्या वरच्या अंगाचे सगळे पाणलोट क्षेत्रही दिसते: उसाची शेते कुठे आहेत, बांधबंदिस्ती कुठे झाली आहे, कोणता नाला पहिल्या पावसात माती वाहून आणतो. हे जमिनीवर उभे राहून दिसत नाही, कारण प्रत्येक जण आपल्या बांधापुरते पाहतो. पाण्याची टंचाई भोगणाऱ्या मुलाला आपल्या गावाचे पाणी कुठून येते आणि कुठे जाते हे वरून दाखवणे, यात मला काहीही अनुचित वाटत नाही. उलट ज्याच्या दारात नळ चोवीस तास वाहतो त्याच्यापेक्षा या मुलाला ते दृश्य अधिक खोलवर कळेल. म्हणून माझा आग्रह असा की, वर्गात आधी निळ्या पृथ्वीचे सुंदर छायाचित्र दाखवू नका. आधी तुमचा तलाव दाखवा, मग त्याच प्रतिमेत मागे मागे जात दुधना आणि पूर्णा, मग गोदावरी, मग अख्खे दख्खन, आणि सर्वांत शेवटी ती निळी रेघ. आपल्या तलावापासून तिच्यापर्यंत एकच पाणी फिरते हे त्या क्रमाने समजते, उलट क्रमाने समजत नाही.

काही लोक उपग्रहातून बोअरचे पाणी दिसते असे सांगून पैसे घेतात. भूगर्भातील पाणी प्रतिमेत दिसत नाही. दगडातील भेगांच्या सरळ रेषा दिसतात आणि जमिनीवरील तपासणी कुठे करावी यासाठी त्या उपयोगी पडतात, एवढेच. भूजलाचे वजन मोजणारे ग्रेस नावाचे जुळे उपग्रह २००२ मध्ये सोडले गेले होते आणि त्यांच्या मोजणीतून वायव्य भारतातील घटते भूजल लक्षात आले. पण त्यांची मोजणी शेकडो किलोमीटरच्या प्रदेशासाठी असते, एका गावासाठी किंवा एका विहिरीसाठी नाही. पालकसभेत हे सांगितलेत तर कोणाचे तरी पैसे वाचतील.

वर्गात हे करण्यासाठी एक संगणक आणि बेताचे इंटरनेट पुरते. इस्रोचे ‘भुवन’ संकेतस्थळ मराठवाड्यातील कोणताही तालुका दाखवते. तारखेनुसार प्रतिमा पाहण्यासाठी युरोपचा ‘कोपर्निकस ब्राउझर’ अधिक सोयीचा आहे. अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेचा संग्रह १९७२ पासूनचा आहे, आणि जायकवाडीचे लोकार्पण १९७६ चे, म्हणून त्यातील अगदी जुन्या प्रतिमांत नाथसागर भरण्याआधीची गोदावरी शोधता येते. पैठण-शेवगाव भागातून विस्थापित झालेल्या कुटुंबांची मुले तुमच्या ओळखीत असतील तर त्यांच्या आजी-आजोबांना ती प्रतिमा अवश्य दाखवा. लोणारही घ्या: जून २०२० मध्ये तेथील पाणी गुलाबी झाले, ते लँडसॅटने टिपले आणि त्यामागे खारट पाण्यात वाढणारे रंगीत सूक्ष्मजीव होते हे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले. वरून दिसले आणि खाली येऊन समजले, असे याहून चांगले उदाहरण आपल्या परिसरात नाही. स्थानक स्वतः पाहायचे असेल तर सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयापूर्वी ते न लुकलुकणाऱ्या ठळक ताऱ्यासारखे काही मिनिटांत आकाश ओलांडते. त्याच्या वेळा नासाच्या ‘स्पॉट द स्टेशन’ ॲपवर ठिकाणानुसार मिळतात.

तलावासाठी दरवर्षी एकाच महिन्यातील प्रतिमा निवडावी. मी ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा आणि मेचा पहिला पंधरवडा अशा दोन घेतो. ढगांमुळे एखादी मिळाली नाही तर पाच दिवस मागे किंवा पुढे जावे, पण महिना बदलू नये. एका वर्षीच्या ऑक्टोबरची तुलना दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबरशी केली, तर पाऊस कमी झाला की मधल्या दोन महिन्यांत पाणी उपसले गेले, हे वेगळे काढता येत नाही.